ही माझी अशील

सांगलीच्या मॅडम नसत्या, तर बापाच्या सातबाऱ्यावरून माझं नाव गेलं असतं आणि मला कळलंही नसतं. म्हणून आधी त्यांचं सांगते, मग माझं.

मॅडम वकिलीच्या कॉलेजात शिकवायच्या. वकिलानं आपल्या पक्षकाराशी कसं वागायचं, हा त्यांचा विषय. आणि सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतले वकील आजवर खरोखर कसे वागत आले, हा त्यांनी लिहायला घेतलेला इतिहास. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते. माझी शाळा आठवीत सुटली. म्हसवडच्या अलीकडं आमचं गाव. थोरल्या बहिणीचं लग्न झालं आणि घरात आईच्या हाताखाली कुणीतरी पाहिजे म्हणून मला बसवली. लग्न झालं ते खानापूर तालुक्यात, गलाईवाल्याच्या घरात. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं, हा आमच्या भागातल्या माणसांचा धंदा, आणि त्यासाठी माणसं जातात पार मुलखाच्या टोकाला. नवरा तिकडं तमिळनाडूत, आणि सासूबाईंचा इलाज मिरजेत, म्हणून मी त्यांना घेऊन सांगलीत खोली करून राहिले. दुपारपर्यंत दवाखाना, संध्याकाळी मॅडमच्या घरी भाकरी.

पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. त्या म्हणाल्या, “उभ्याउभ्या काही ठरवायचं नसतं. बस, काय काय करणार आणि काय काय करणार नाहीस ते सांग.” करणार नाही ते सांग, असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मला काही सुचेना. शेवटी म्हणाले, मासे साफ करणार न्हाई. त्या म्हणाल्या, मी खातही नाही.

त्यांच्या विषयाला कॉलेजात काय किंमत होती ते मी चहा देताना ऐकलं आहे. एक पोरगा, चांगला दाढीमिशा आलेला, पेढे घेऊन आला होता. म्हणाला, “मॅडम, तुमचा पेपर लय भारी. काही वाचावं लागत नाही. चांगलं वागावं, एवढं चार पानं लिहिलं की झालं.” कौतुक म्हणून बोलला तो. मॅडम हसल्या, पेढा खाल्ला. मला मात्र त्याच्या हातातला कप काढून घ्यावासा वाटला. बाईनं सगळी उमर ज्याला दिली, ते यांना फुकटचे मार्क. तो गेल्यावर मी तसं बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “अगं, तो निदान तोंडावर म्हणाला.”

त्यांचा राग वापरून वापरून विरला असावा. माझा कोरा करकरीत होता.

त्या आधी स्वतः वकील होत्या. सातारला एका मोठ्या वकिलाकडे शिकाऊ. एका वाटणीच्या दाव्यात त्यांना सांगितलं गेलं, समोरच्या विधवा बाईतर्फे तू उभी राहा. बोलायचं काही नाही. तडजोड झालेली आहे, तू नुसतं उभं राहायचं. दावा लावणाराही आपलाच माणूस, आणि विरुद्ध बाजूची वकीलही आपल्याच कचेरीतली. ही त्यांच्यात रीतच होती. दोन्हीकडून भांडण नसलं की एकच कचेरी दोन्ही बाजू सांभाळायची, एवढंच की कागदावर नावं दोन. मॅडम बाहेर जाऊन त्या विधवेला शोधून भेटल्या आणि म्हणाल्या, मी तुमची वकील. बाई त्यांच्याकडं बघत राहिली. म्हणाली, “आवं, तुमी कोन?”

मॅडमनी आत जाऊन सांगितलं, मी उभी राहणार नाही. त्या मोठ्या वकिलानं त्यांना त्याच दिवशी काढलं, आणि वर सगळ्या वकिलांमध्ये सांगत सुटला की पोरगी आहे, कोर्टाला घाबरते. मग कुणी कामाला ठेवीना. त्यांनी शिकवायची नोकरी धरली, पूर्ण वेळची नोकरी म्हणून वकिलीची सनद बाजूला ठेवावी लागली. हे त्या मला डाळ निवडताना सांगत होत्या, जणू कुणा दुसऱ्याचं. मी विचारलं, त्या बाईचं काय झालं? त्या म्हणाल्या, “दुसरं कुणीतरी उभं राहिलं.”

इतिहास त्यांनी त्या बाईपासून सुरू केला, असं मला वाटतं. जुन्या वकिलांबद्दल सगळे वकिलांच्या घरी जाऊन विचारतात. मॅडम जायच्या पक्षकारांकडे. मेढ्याकडं, शिरवळकडं, कुठल्या कुठल्या वाड्यावस्त्यांवर, ज्यांचे दावे होऊन गेले ती म्हातारी माणसं गाठायच्या. मला सवड मिळाली तर डबा घेऊन मीही जायची. प्रश्न दोनच असायचे. तुमचा वकील कोण होता? तुम्ही त्याला काय सांगितलंत? मेढ्याच्या वरच्या अंगाला एक आजोबा होते, फौजेतून आलेले, ताठ. वकिलाचं नाव निघाल्यावर पुन्हा ताठ झाले. “लय मोठा मानूस. मी त्येंच्यासमोर कवा बसलो न्हाई.” मॅडमनी विचारलं, मग तुमचं म्हणणं कधी सांगितलंत? आजोबा म्हणाले, “म्हननं? त्ये साहेबांनीच लिवलं. चांगलं लिवलं हुतं म्हनं.”

परतीच्या एसटीत मॅडम वही उघडून टिपून घेत होत्या. मी म्हणाले, आजोबा फौजेत बंदूक घेऊन उभे राहिले आणि वकिलाच्या दारात असं कसं. त्या एवढंच म्हणाल्या, “तिथं कुणाविरुद्ध उभं राहायचं ते त्यांना ठाऊक होतं.”

कॉलेजातले इतिहासाचे लोक म्हणायचे, हा काय पुरावा झाला? म्हाताऱ्यांच्या गप्पा. वकील म्हणायचे, अडाणी माणसाला काय कळतंय, आम्ही त्याचं भलंच केलं. भलं केलंत, मान्य. त्याला विचारलं होतं का, एवढंच बाई विचारत होती. एवढा साधा प्रश्न शिकल्यासवरल्या माणसांना एवढा का झोंबावा, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मग माझी पाळी आली.

वडील गेले. तेराव्याला मांडवातच आमचे घरचे वकीलसाहेब आले. घरचे म्हणजे, वडिलांचा विहिरीचा वाद त्यांनीच चालवलेला, दादाच्या लग्नात अक्षता टाकायला पुढं तेच. त्यांनी बॅगेतनं कागद काढले. दादा म्हणाला, “वारसनोंदीचं हाय, सही कर.” आम्ही दोघी बहिणींनी सह्या केल्या. वहिनीनं दोघींना साडी दिली. माझी मोरपंखी होती.

साडीचा अर्थ आमच्याकडं लहान पोरींनाही कळतो. बहिणीनं हक्क सोडला की भाऊ साडीचोळी करतो. पण तो सोहळा वेगळा असतो, त्या दिवशी रजिस्ट्रारच्या ऑफिसात जायचं असतं, अंगठे असतात, फोटो असतो. मला वाटलं, ही नुसती दुखवट्याची साडी. थोरली बहीण मला म्हणाली, कधी ना कधी सोडायचंच आहे. मीही म्हणाले, व्हय, सोडू की. खरं सांगते, मी सोडलं असतं. त्या माळावर नांदायला मी थोडीच जाणार होते. दादानं शेजारी बसून विचारलं असतं, तर चहा गार व्हायच्या आत हो म्हणाले असते. कदाचित म्हणाले असते, विहिरीच्या कडेचा तो एक तुकडा माझ्या नावावर राहू दे, आईला बरं वाटंल. पण विचारलं असतं तर ना.

नंतर दादाचा फोन आला, तालुक्याच्या कोर्टात लोकन्यायालय आहे, ये. दोन मिंटाचं काम, नुसतं हजर राहायचं. मी सासूबाईंना शेजारणीवर सोपवून पहाटेची एसटी धरली. कोर्टाच्या आवारात ही गर्दी. वकीलसाहेबांनी मला आत नेलं. टेबलापलीकडं साहेब बसलेले, बाजूला अजून दोघं. दादा एकीकडं, मी एकीकडं. आणि माझ्या शेजारी एक काळ्या कोटातला तरुण येऊन उभा राहिला, कधी बघितलेला नाही. माझ्याकडं न बघता, हात मात्र माझ्याकडं करून तो म्हणाला, “साहेब, ही माझी अशील.”

मला ऐकू आलं अश्लील.

आठवीपर्यंतच्या पुस्तकात अशील हा शब्द आला नव्हता. अश्लील मात्र माहीत होता, तो पिक्चरच्या बोर्डावर असतो. एक परका माणूस, भरल्या कोर्टात, माझ्या भावासमोर मला तसलं बोलतो. मी म्हणाले, “अश्लील कुनाला म्हनतोस रं? तुज्या घरात बघ जाऊन.”

मग हशा उसळला. टेबलापलीकडची बाई पदर तोंडाला लावून, पट्टेवाला भिंतीला टेकून, रांगेतली माणसं तर काय विचारू नका. दादा खाली बघत होता, त्याचे कान लाल झालेले. वकीलसाहेब मात्र हसत हसत, लेकराला समजवावं तसं म्हणाले, “ताई, अशील म्हंजे पक्षकार. ज्याच्यासाठी वकील उभा ऱ्हातो तो अशील. तू हेची अशील.”

“मग ह्ये कोन?”

“तुझे वकील.”

मी त्या तरुणाकडं वळले. “आवं, तुमी कोन?”

यावर कुणी हसलं नाही. कारण त्यानं उत्तर दिलं नाही. त्यानं वकीलसाहेबांकडं बघितलं. मी त्याला विचारतेय तू कोण, आणि तो ते माझ्या भावाच्या वकिलाकडून विचारून घेतोय. माझा म्हणवणारा माणूस. तो हशा मी आता विसरले आहे, चूक माझीच होती, हसण्यासारखीच होती. ते बघणं विसरलेले नाही.

पुढं केलेल्या कागदावर मी सही केली नाही. बाई घाबरली आहे असं म्हणून साहेबांनी प्रकरण परत कोर्टाकडं पाठवलं आणि पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “सगळ्या तालुक्यात हसं केलंस. चार दिस सांगलीत काय ऱ्हायलीस, वकिलीन झालीस व्हय गं?” मी लिंबाखाली उभी राहून मॅडमना फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं. अश्लीलपाशी आले तेव्हा त्यांना हसू आवरेना, आणि त्यांच्या हसण्यानं मलाही थोडं हसू आलं. मग मी सांगितलं की मी त्याला विचारलं, तुमी कोन. पलीकडून आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली. मग त्या म्हणाल्या, “तू असं विचारलंस?”

नंतर सगळं कळलं. तेराव्याला मी वारसनोंद म्हणून जी सही केली, त्यात त्या तरुणाला वकील नेमल्याची सही होती. दादानं आम्हा बहिणींवर दावा लावला, आम्ही म्हणे आमच्या वकिलामार्फत हजर झालो, आणि आम्हाला काही नको असं सांगितलं. भांडण नसलेल्या भांडणात तडजोड. खर्च कमी लागतो, सगळे असंच करतात. थोरल्या बहिणीची तर तडजोडीवर सही होऊनही गेली होती. तो तरुण मॅडमच्याच कॉलेजातला निघाला. त्यांचा पेपर पास होऊन आलेला.

पुढच्या तारखेला मॅडम सांगलीहून माझ्याबरोबर एसटीनं आल्या. मला वाटत होतं, आता बाई या सगळ्यांना फाडून खाणार. त्यांनी आधीच सांगितलं, मी बोलणार नाही. मी तुझी वकील नाही, मला तो हक्क नाही. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. वाटेत त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट करून घेतली होती, आणि तीही त्यांच्या शब्दांत नाही. तुला काय सांगायचंय ते तूच जुळव, म्हणाल्या. मी जुळवत गेले, त्या ऐकत गेल्या.

न्यायाधीशांनी माझं नाव घेतलं. मी म्हणाले, “साहेब, ह्ये माजे वकील न्हाईत. ह्यांना मी नेमलं न्हाई. जमीन सोडायची का न्हाई ह्ये मला अजून कुनी इचारलंच न्हाई.”

वकीलसाहेब उठून म्हणाले, अडाणी आहे, कुणीतरी भरवलंय. न्यायाधीशांनी त्यांना बसायला सांगितलं आणि मला विचारलं, “तुम्हाला स्वतःचा वकील नेमायला वेळ हवा आहे का?” मी हो म्हणाले. माझ्या त्या कामातलं सगळ्यात मोठं घडलं ते एवढंच. मागं वळून बघितलं तर मॅडम चष्मा पुसत होत्या.

त्यांनी सातारच्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला, पण नेम म्हणून सांगितलं नाही. “आधी खुर्चीत बस. तिला तुझं म्हणणं सांग. पटली तर नेम.” मी बसले. सांगितलं. पटली. दावा काही तडजोडीनं मिटला नाही, दादानंच पुढं तो सोडून दिला. सातबाऱ्यावर माझं नाव आजही आहे. विहिरीकडचा तुकडा दादाच कसतो, कसू दे, माझी काही तक्रार नाही. पण तो माझ्याशी बोलत नाही. दिवाळीला फोन येत नाही. आई त्याच्याकडं असते. शेजारच्या घरातनं कधीतरी फोनवर बोलते, तेही हळू आवाजात, कुणी ऐकेल म्हणून. ज्यांनी फसवलं त्यांच्या घरी पंगती उठतात, आणि माझं माहेर बंद. हा कुठला न्याय, मला कुणी समजावून सांगावं.

मॅडमनी मला विचारलं होतं, त्या दोन वकिलांविरुद्ध तक्रार करायची आहे का. आईला त्रास होईल या भीतीनं मी नको म्हणाले. त्यांनी एका शब्दानं आग्रह धरला नाही. ठरवणार तू, म्हणाल्या. मग विचारलं, पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात हे लिहू का, नाव-गाव न घालता. त्याला मी हो म्हणाले. माझी हो म्हणण्याची हौस अशी, की मला विचारलं तर मी बहुतेक हो म्हणतेच.

पुस्तकाचं प्रकाशन वकिलांच्याच हॉलमध्ये व्हायचं होतं. प्रकाशनाच्या कमिटीत आमचे वकीलसाहेब होते. शेवटचं प्रकरण त्यांच्या वाचनात आलं आणि फोन सुरू झाले. एक फोन मी पोळ्या लाटताना ऐकला, मॅडमनी तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. पलीकडचे कमिटीतले एक गृहस्थ लय गोड बोलत होते. जुनं ठेवा की मॅडम, पगडीवाले वकील, बैलगाडीतनं कोर्टात यायचे, ते लोकांना आवडतं. आत्ताचं कशाला? आणि ही बाई कोण? नाव नाही, गाव नाही. मनानं रचलेलं दिसतंय. कुण्या बाईनं काहीतरी सांगितलं आणि तुम्ही इतिहास म्हणून छापणार?

मॅडम म्हणाल्या, “प्रकरण राहील. हॉल राहू द्या.”

त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, पोळी करपतेय. करपली होतीच. मी तशीच उभी होते, हातात लाटणं. नाव नाही, गाव नाही, ही बाई कोण. ती बाई इथं पोळ्या लाटतेय, असं त्या फोनमध्ये ओरडून सांगायला मला किती वेळ लागला असता. मी सांगितलं नाही. आई डोळ्यांपुढं आली आणि मी गप्प बसले.

ते पुस्तक अजून निघालेलं नाही. सांगलीतल्या दोन प्रकाशकांनी शेवटचं प्रकरण वगळा म्हणून सांगितलं. कॉलेजात मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण करणाऱ्यानं त्यांच्या करारीपणाचं कौतुक केलं, पुस्तकाचं नावही घेतलं नाही. नारळ आणि शाल दिली. बायकांना गप्प करायला आपल्याकडं कापडच देतात, असं मला त्या वेळी वाटून गेलं.

सासूबाई बऱ्या झाल्या आणि मी इकडं तमिळनाडूत नवऱ्याकडं आले. गल्लीतल्या पाट्या मला वाचता येत नाहीत. नवऱ्याची बोटं तेजाबानं पिवळी झालेली, दिवसभर भट्टीचा वास. बाहेर गेले आणि कुणी काही बोललं तर अजून धडधडतं, की मी ऐकतेय तेच बोलतायत का. मॅडमचा फोन येतो. पुस्तकाबद्दल त्या स्वतःहून काही बोलत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, बघू. त्यांच्या आवाजात थकवा असतो, आणि तो मला ऐकवत नाही.

मॅडम, हे तुम्ही वाचाल. या लिहिण्यातही मी माझं नाव घातलेलं नाही, हे तुमच्या लक्षात येईल. आई आहे तोवर मला जमणार नाही, आणि आई खूप जगावी असंच मला वाटतं. पण एक दिवस तुमचं पुस्तक निघेल, हॉलमध्ये नाही तर तुमच्या अंगणात. त्या दिवशी मी इतक्या लांबून येईन. कुणी विचारलं, शेवटच्या प्रकरणातली बाई कोण, तर मी पुढं होऊन नाव सांगेन, गाव सांगेन, बापाचं नाव सांगेन. एवढं मी तुमचं फेडणार आहे. तुमच्यातर्फे उभी राहीन मी, मॅडम. तुम्हाला आधी विचारून.